वाहत्या धारेतले जंतू

१९४१ चा फेब्रुवारी महिना. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात पोचला होता. चेहऱ्यावर आणि डोक्यावर पू झालेला, एक डोळा काढावा लागलेला. शुद्ध केलेलं पेनिसिलिन उपचार म्हणून टोचलं गेलं असा हा पहिला रुग्ण. एका दिवसात त्याचा ताप उतरू लागला. पण तेव्हा पेनिसिलिनचा साठा होता चिमूटभर, आणि शरीर ते औषध झपाट्याने लघवीवाटे बाहेर टाकत होतं. म्हणून त्याची लघवी जपून गोळा करत, सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढत आणि त्यालाच परत टोचत. पाच दिवसांत तेही संपलं. १५ मार्चला तो गेला.

या घटनेच्या दोन महिने आधीची एक नोंद मला त्याहून जास्त थक्क करते. डिसेंबर १९४० च्या ‘नेचर’मध्ये याच ऑक्सफर्डच्या चमूतल्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांचं एक छोटं टिपण छापून आलं. एका जंतूच्या पेशीत पेनिसिलिन नष्ट करणारं एन्झाइम सापडलंय, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे औषध पहिल्या रुग्णाच्या शिरेत जाण्याआधीच त्याला निकामी करणारं रसायन जंतूपाशी तयार होतं. आणि तो जंतू कोणता? तेव्हा त्याला बॅक्टेरियम कोलाय म्हणत. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. लघवीच्या संसर्गाच्या साध्या तक्रारींत चारपैकी तीन वेळा सापडतो तो हाच.

‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी किंवा सब्जा पिण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. जळजळ, सारखं लागल्यासारखं होणं, ओटीपोटात दुखणं. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना हा त्रास आयुष्यात एकदा तरी होतो. बाहेरून मूत्राशयापर्यंतची वाट स्त्रियांमध्ये जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांमध्ये वीसच्या आसपास. कारणाचा मोठा भाग या अंतरात आहे. स्वच्छता पाळली नाही म्हणून झालं, असं घरच्या बायकांना ऐकवलं जातं ते बहुतेक वेळा अन्यायाचं असतं. जंतू बाहेरून आलेला नसतो. १८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शौचात त्याला पहिल्यांदा ओळखलं. आपल्या सर्वांच्या आतड्यात तो जन्मापासून मुक्कामाला असतो, एरवी निरुपद्रवी, थोडंफार के जीवनसत्त्व बनवून देणारा. आतड्यातून निघून तो चार सेंटिमीटरची वाट चढला, की गोष्ट बदलते.

त्याच्यासमोरची अडचण पाहा. लांबी दोन मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे ओळीने बसतील. आणि राहायचं कुठे, तर जी जागा दिवसातून सहा-सात वेळा धारेने धुऊन निघते तिथे. अशा ठिकाणी टिकायला पकड हवी. त्याच्या अंगावर केसासारखे बारीक तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना हे प्रथिन धरतं. सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी २००२ मध्ये या पकडीचा गुण दाखवून दिला: प्रवाह जितका जोराचा, तितकी पकड घट्ट. संथ लघवीत जंतू सैल राहून पुढे पुढे सरकतो आणि नवी जागा धरतो. धार सुटली की ताणाने प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते साखरेवर आवळलं जातं. कोंढाण्याच्या कथेतल्या घोरपडीसारखं, ओढावं तसं आणखी चिकटणारं. शिवाय तो तंतू स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. ओढ लागली की उलगडत कित्येक पट लांब होतो, झटका पचवतो, ओढ थांबली की पुन्हा गुंडाळतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या अंगावरच्या एका केसात एवढी करामत आहे.

शरीरही स्वस्थ बसत नाही. आपलं मूत्रपिंड युरोमॉड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सतत सोडतं. निरोगी लघवीत सगळ्यांत जास्त असणारं प्रथिन हेच. त्याच्यावरही मॅनोजच्या साखळ्या असतात. जंतू मूत्राशयाच्या भिंतीऐवजी त्यालाच धरतो आणि लघवीबरोबर वाहून जातो. तरीही काही जंतू भिंतीपर्यंत पोचतात आणि नुसते चिकटून न थांबता पेशीच्या आत शिरतात. सेंट लुईसमधल्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये उंदरांच्या मूत्राशयातली अशी चित्रं प्रसिद्ध केली: एकेका पेशीत जंतूंच्या घट्ट वसाहती, पेशीचा पृष्ठभाग फुगवून बाहेर आलेल्या. तिथे अनेक प्रतिजैविकं नीट पोचत नाहीत. काही जंतू तर आत निपचित पडून राहतात आणि पुढे कधीतरी जागे होतात. बऱ्या झालेल्या बाईला महिन्याभरात तोच त्रास पुन्हा का होतो, याचं एक उत्तर इथे असू शकतं. यात औषधाला न जुमानणं नाही, नुसतं लपणं आहे. खरा प्रतिकार निराळा.

तो समजण्यासाठी एक औषध घेऊ: सिप्रोफ्लॉक्सासिन. ई. कोलायचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे तो ज्या पेशीत राहतो तिच्या सातशे पटींहून लांब. एवढा धागा कोंबून ठेवायचा, तरी वाचता येईल आणि नक्कल करता येईल असा. त्यासाठी गायरेज नावाचं एन्झाइम त्याला पीळ देतं. पीळ देण्याची तऱ्हाही धाडसाची: धाग्याचे दोन्ही पदर कापायचे, त्या फटीतून धाग्याचा दुसरा भाग पलीकडे न्यायचा आणि कापलेलं बिनचूक जोडायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं कापलेल्या क्षणी तिथे जाऊन बसतं. जोडणी होत नाही, डीएनए तुटतो, जंतू मरतो.

आता यातून सुटका कशी होते? गायरेजच्या ८३ व्या जागी सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्या जागी ल्युसीन आलं की औषधाला बसायला जागा नीट उरत नाही. हा बदल व्हायला डीएनएतल्या ४६ लाख अक्षरांपैकी एक अक्षर चुकावं लागतं. एकच. नक्कल करताना ई. कोलाय इतका काटेकोर असतो की साधारण हजार विभाजनांत एखादी चूक होते. पण संसर्ग झालेल्या मूत्राशयात एका मिलिलिटर लघवीत लाखभर जंतू सहज असतात. पाव लिटर लघवी धरली तर अडीच कोटी जंतू, आणि त्यांच्या एका पिढीत वीस-पंचवीस हजार चुका. त्यांतल्या बहुतेक वाया जातात किंवा जंतूलाच बाधतात. पिढ्यांमागून पिढ्या जाताना कधीतरी एखादी नेमकी ८३ व्या जागी पडते. पहिल्या चुकीने औषधाची धार कमी होते. अशा दोन-तीन एकाच वंशात जमल्या की गोळी निष्प्रभ होते.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. जंतू औषध पाहून स्वतःला बदलतो, शिकतो, असं आपण सहज बोलून जातो. तसं होत नाही. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने मखमलीचा एक तुकडा वापरून ते दाखवलं. ई. कोलायच्या वसाहती वाढलेल्या बशीवर मखमल दाबायची आणि तिचा ठसा औषध घातलेल्या नव्या बश्यांवर उमटवायचा. प्रत्येक नव्या बशीत जगलेल्या वसाहती नेमक्या त्याच जागी दिसल्या. म्हणजे दाद न देणारे जंतू मूळ बशीतच होते, औषधाचा स्पर्शही होण्याआधी. औषध त्यांना घडवत नाही. बाकीच्यांना मारून त्यांना जागा मोकळी करून देतं.

ही निवड डोळ्यांनी पाहायची सोय २०१६ मध्ये झाली. हार्वर्डच्या मायकेल बेम, रॉय किशोनी आणि सहकाऱ्यांनी चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी प्रचंड बशी बनवली. दोन्ही कडांना औषध नाही. पुढच्या पट्टीत जंतू मरायला पुरेल त्याहून थोडं जास्त, मग दहापट, शंभरपट आणि मधोमध हजारपट. वापरलेल्या औषधांत लघवीच्या संसर्गावर दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिम होतं. कडेला सोडलेले ई. कोलाय पहिल्या सीमेपर्यंत पसरले आणि थांबले. मग एका ठिकाणाहून एक वंश पलीकडे निघाला, पंख्यासारखा पसरला, पुढच्या सीमेवर अडला, पुन्हा फुटला. सुमारे अकरा दिवसांत हजारपट औषधात जंतू वाढत होते. त्या चित्रफितीतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांत ताकदवान बदल झालेले जंतू दर वेळी पुढे नव्हतेच. काही मागे अडकले होते, कारण पुढची जागा कमी ताकदीच्या पण आधी पोचलेल्या भावंडांनी व्यापली होती. लायक कोण, यापेक्षा आधी कोण पोचलं यावरही वंशाचं भवितव्य ठरतं.

पण स्वतःच्या चुकीची वाट पाहणं हा जंतूंचा संथ मार्ग झाला. दुसरा मार्ग इतका वेगवान आहे की तो उलगडला तेव्हा डॉक्टरांचा विश्वास बसेना. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या साथीत असे शिगेला जंतू सापडू लागले, ज्यांच्यावर चार औषधं एकदम चालत नव्हती. चार वेगळ्या चुका एकाच वेळी होणं जवळपास अशक्य. त्याच रुग्णांच्या आतड्यातले निरुपद्रवी ई. कोलायही त्याच चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दोन्ही जंतू एकत्र वाढवून दाखवलं की हा गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तोही दोन निरनिराळ्या जातींत. मुख्य डीएनएपासून वेगळं असं डीएनएचं छोटं कडं, म्हणजे प्लाझ्मिड, एका जंतूतून दुसऱ्यात नक्कल होऊन पोचतं. एकाच कड्यावर चार-पाच औषधांवरचे उतारे असू शकतात. मूल आईबापांकडूनच वारसा घेतं, ही आपली समजूत या जगाला लागू नाही. इथे वारसा शेजाऱ्याकडूनही मिळतो, परक्याकडूनही.

लघवीच्या संसर्गाची अलीकडची कहाणी अशा कड्यांचीच आहे. अथेन्समधल्या एका रुग्णाच्या ई. कोलायमधलं पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम १९६५ मध्ये नोंदलं गेलं. रुग्णाच्या नावातली अक्षरं घेऊन त्याला टेम म्हणतात. नंतर सेफॅलोस्पोरिन नावाची तगडी औषधं आली आणि त्यांना तोडणारी सीटीएक्स-एम एन्झाइमंही आली. त्यांची मूळ जनुकं मिळाली ती क्लुयवेरा नावाच्या, माणसाला क्वचितच त्रास देणाऱ्या जंतूंत. तिथून ती उचलली जाऊन प्लाझ्मिडवर बसली. सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला तो दिल्लीतल्या नमुन्यांत. २००८ मध्ये लक्षात आलं की एसटी१३१ नावाचा ई. कोलायचा एक वंश हे एन्झाइम घेऊन अनेक खंडांत पसरलाय आणि सिप्रोफ्लॉक्सासिनलाही दाद देत नाही.

त्याच वर्षी, दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत एक जंतू मिळाला. जात क्लेब्सिएला. त्याच्यापाशी होतं एनडीएम-१, डॉक्टर राखून ठेवतात त्या कार्बापेनेम औषधांनाही तोडणारं एन्झाइम. नावातल्या ‘एन’ आणि ‘डी’चा अर्थ नवी दिल्ली, म्हणून आपल्याकडे मोठा संताप झाला. तो समजण्यासारखा होता. पण २०११ मध्ये दिल्लीतून घेतलेल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडलं, त्या आकड्यांवर जितका राग यायला हवा होता तितका आला नाही. माझ्या मते खरी बातमी ती होती.

ही जनुकं माणसाने निर्माण केलेली नाहीत. कॅनडाच्या युकॉनमध्ये ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीतून पेनिसिलिन-गटाच्या, टेट्रासायक्लिनच्या आणि व्हॅन्कोमायसिनच्या विरोधातली जनुकं २०११ मध्ये मिळाली. मातीतले जीव एकमेकांवर प्रतिजैविकं सोडत आले आणि एकमेकांपासून वाचतही आले, माणूस शेती शिकण्याच्या कितीतरी आधीपासून. आपण त्यात भर घातली ती प्रमाणाची. खोकल्यासाठी घेतलेलं प्रतिजैविक आतड्यातल्या कोट्यवधी ई. कोलायपर्यंतही जातं, त्यांतल्या दाद न देणाऱ्यांना मागे ठेवतं, आणि त्याचा माग वर्षभर राहू शकतो. पुढे तेच मूत्राशयाची वाट चढतात. खोकल्याच्या गोळीचा हिशेब लघवीच्या तपासणीत निघतो तो असा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के ई. कोलाय इमिपेनेम या राखीव औषधाने मरत. २०२२ मध्ये ते प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवर आलं. हे रुग्णालयांतले, बहुधा गंभीर आजारी रुग्णांचे आकडे आहेत, घरोघरचे नाहीत. तरीही पाच वर्षांत एवढी घसरण.

मग सगळे जंतू आतापर्यंत अजिंक्य का झाले नाहीत? कारण प्रतिकाराला किंमत पडते, आणि ती वसूल करायला मूत्राशयासारखी दुसरी जागा नाही. फॉस्फोमायसिन हे औषध १९६९ मध्ये स्पेनच्या मातीतल्या जंतूंतून मिळालं. ते ई. कोलायच्या भिंतीच्या रचनेचं पहिलंच पाऊल रोखतं. पण आत शिरायला ते जंतूचीच दारं वापरतं, साखरेचे अंश आत घेण्याची. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याला न जुमानणारे जंतू भराभर मिळतात; सोपं आहे, दार बंद केलं की झालं. रुग्णांत मात्र तितके दिसत नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये त्याचं कारण मांडलं: असे जंतू हळू वाढतात. बशीत हळू वाढून चालतं. मूत्राशयात नवी लघवी सतत येत असते, दर काही तासांनी सगळं बाहेर फेकलं जातं, आणि ज्याची वाढ त्या वेगाला पुरी पडत नाही तो वाहून जातो. फॉस्फोमायसिन तोडणारी एन्झाइमं प्लाझ्मिडवरून फिरू लागली आहेत हे खरं, पण ई. कोलायवर हे औषध अजून बरंच चालतं.

१९५३ पासून वापरात असलेल्या नायट्रोफ्युरँटॉइनचीही तीच तऱ्हा. रक्तात ते फारसं टिकत नाही, लघवीत मात्र दाट उतरतं. जंतूची स्वतःची एन्झाइमं त्याला विषारी रूप देतात आणि ते रूप पेशीत एकाच वेळी अनेक जागी घाव घालतं. त्यामुळे एका अक्षराच्या चुकीने सुटका होत नाही. सत्तर वर्षं जुनी ही गोळी आज भारतातल्या अनेक ई. कोलायवर कितीतरी नव्या, महाग औषधांपेक्षा चांगली लागू पडते. मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला ती उपयोगाची नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

नव्या औषधांतही ही समज दिसते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं जेपोटिडासिन गायरेजला आणि त्याच्या भावंडासारख्या दुसऱ्या एन्झाइमला सारखंच धरतं, वेगळ्या जागी, म्हणून एकच चूक पुरत नाही. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत जन्मलेल्या एनमेटाझोबॅक्टॅमला सेफेपिमच्या जोडीने गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथेच मान्यता मिळाली. आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरला वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टॅम घडलं. तेही सेफेपिमच्या जोडीनेच द्यायचं. भिंत रचणाऱ्या दोन निरनिराळ्या एन्झाइमांवर दोघं एकाच वेळी घाव घालतात, म्हणून एनडीएम असलेले जंतूही अनेकदा मरतात. ज्या जनुकाच्या नावात दिल्ली आहे, त्याच्यावरचं एक औषध मराठवाड्यात तयार झालंय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नव्या औषधांना वर्षं लागतात. तोवर आपल्या हाती काय? पाणी, हे पहिलं उत्तर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना त्रास सरासरी वर्षातून १.७ वेळा झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. मॅनोजची भुकटी खाऊन जंतूची पकड सुटेल ही कल्पना फार सुंदर होती, पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे स्त्रियांवरच्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही.

दुसरं उत्तर युरीन कल्चर. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल, दिवस गेलेले असतील, मधुमेह असेल किंवा रुग्ण पुरुष असेल, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्या. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, निर्जंतुक बाटलीत, आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तुमच्या शरीरातला नेमका जंतू कोणत्या औषधाने मरतो हे त्यात लिहिलेलं असतं. मागच्या वेळची उरलेली किंवा शेजारणीला लागू पडलेली गोळी त्याऐवजी घेऊ नका. आणि त्रास काहीच नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया अशी थोडी कारणं सोडता प्रतिजैविक लागत नाही. डॉक्टरांना तसं विचारायला संकोचू नका. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, यांपैकी काही असेल तर मात्र अहवालाची वाट पाहत घरी बसू नका. नमुना देऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.